धक्क्यावरचे चार तास

ओला खोका घेऊ नये.

*

गोदाम म्हणजे काय? जिथे माल थांबतो ते गोदाम. छप्पर आणि भिंती नंतरच्या गोष्टी.

*

उंबरकुंडच्या आरोग्य केंद्रात दोन फ्रिज आहेत. एक औषधांचा. दुसराही औषधांचाच. प्यायचं पाणी माठातलं.

*

लहानपणी श्रीखंड हेमाने खाल्लं आणि मार सुवर्णाने खाल्ला, कारण आई आली तेव्हा डबा सुवर्णाच्या हातात होता.

*

मे महिन्यात दुपारी बारा वाजता उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या पत्र्याच्या हौद्यात बासष्ट अंश भरतात. अंड्याचा पांढरा भाग साधारण तेवढ्यालाच घट्ट व्हायला लागतो.

*

लांबचा आधी चढतो.

*

भिंतीवर, निळ्या ऑइलपेंटने, वीतभर उंचीच्या अक्षरांत: बर्फ शेवटी. खाली बारीक: सु. टेकाळे.


ठिपका : १०० टक्के

सुवर्णा टेकाळेने चोवीस वर्षं दुसऱ्यांचा माल सांभाळला होता. सातपुड्याच्या पायथ्याशी, हायवेपासून आत, बंद पडलेल्या जिनिंगच्या शेजारी हे विभागीय औषध भांडार. भांडार सरकारचंच होतं. चालवायला मात्र तीन वर्षांपूर्वी 'धारण' नावाच्या कंपनीकडे गेलं, आणि सुवर्णा दोघांच्या मधल्या फटीत भांडारपाल म्हणून उरली. निवृत्तीला तीन वर्षं होती. तिच्या हाताखाली हरवलेला एकही खोका नव्हता, आणि हे ती दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायची.

नवी माणसं कामावर आली की ती त्यांना फळ्यासमोर बसवायची.

"खासगी गोदाम म्हणजे ज्याचा माल त्याचंच छप्पर. सार्वजनिक गोदाम म्हणजे धर्मशाळा, जागा भाड्याने आणि माल कुणाचाही. परदेशातून आलेला माल कर भरेपर्यंत कोंडून ठेवतात ते बंधपत्रित गोदाम. तिथे कुलपं दोन, एक मालकाचं आणि एक सरकारचं. शीतगृह तुम्हाला माहीत आहे. वितरण केंद्रात माल राहायला येत नाही, पुढे जायला येतो. आणि क्रॉस-डॉकमध्ये तर मांडणीच नसते, या गाडीतून त्या गाडीत. कळलं? आता नियम. आधी आला तो आधी गेला, हे साबणाचं झालं. औषधात, जो आधी संपणार तो आधी बाहेर. कधी आला याच्याशी घेणंदेणं नाही."

मग ती गोदामाची आपली व्याख्या सांगायची, जिथे माल थांबतो ते गोदाम, आणि खडू खाली ठेवायची. व्याख्या तिची स्वतःची होती. तिला ती फार आवडायची.

यंदा दोन गोष्टी नव्या आल्या होत्या. सर्पदंशावरचं औषध नवं, आणि त्याच्या कुपीवरचा ठिपका नवा.

जुनं औषध घोड्याच्या रक्तातून काढत. त्याची कोरडी भुकटी यायची, आणि ती उन्हातान्हात तग धरायची. नवं औषध कारखान्यात वाढवलेल्या पेशी तयार करतात. अंगावर पित्त उठत नाही, सहा कुप्यांत माणूस उठून बसतो. पण ते द्रव आहे, दोन ते आठ अंशांत ठेवावं लागतं. ते एक प्रथिन आहे, आणि प्रथिनाचं सगळं काम त्याच्या घड्यांवर चालतं. लांब साखळीला ठरावीक घड्या पडलेल्या असतात, म्हणूनच ती जाऊन विषाला नेमकी चिकटते. उष्णतेने घड्या सुटतात. तीस अंशांपर्यंत सावकाश, पन्नासच्या पुढे धडाधड. आणि सुटलेली घडी कुपी पुन्हा फ्रिजमध्ये ठेवल्याने परत पडत नाही. औषध दिसायला तसंच राहतं. पाण्यासारखं स्वच्छ.

म्हणून ठिपका. मसुराच्या डाळीएवढा. त्याच्या आत त्याच प्रथिनाचा कण आणि बिनबॅटरीचं सर्किट. रीडर जवळ नेला की त्याच्या लहरींवर ठिपका क्षणभर जागा होतो, आपल्यातल्या किती घड्या शाबूत आहेत ते टक्क्यांत सांगतो आणि पुन्हा झोपतो. छापील तारखेची गरज संपली. प्रत्येक कुपीचं आयुष्य आता तिचं तिने सांगायचं.

पण ठिपक्यात घड्याळ नाही. कुपीने किती सोसलं ते तो सांगतो. कधी सोसलं आणि कुठे, ते सांगत नाही.

ते ठरवायचं काम 'दक्ष'चं. दक्ष म्हणजे कंपनीची प्रणाली. शीतखोलीच्या दारावर रीडर बसवला होता. पेटी दारातून बाहेर पडली की जावक, आणि त्या क्षणापासून माल केंद्राचा. लहान केंद्रांकडे रीडरच नव्हता. तालुक्याचा माणूस महिन्यातून एकदा रीडर घेऊन फिरायचा. या दोन वाचनांच्या मधे जेवढी घट झाली, तेवढी माल ज्याच्या नावावर, त्याच्या नावावर.


ठिपका : ९३ टक्के

हेमाचा फोन आला तेव्हा सुवर्णा थप्प्या मोजत होती. हेमा तिची धाकटी बहीण, उंबरकुंडला नर्स. नव्वद किलोमीटर घाट, आणि त्याच्यापुढे दोन नाले.

"ताई, आठ दिल्या. होत्या त्या आठच्या आठ. काहीच झालं नाही गं. पापण्या खाली येतच राहिल्या तिच्या. शेवटी श्वास... रुग्णवाहिका तिसऱ्या वळणावर होती."

"कोण होती?"

"रेशमा पाडवी. सव्वीस वर्षांची. मण्यार चावली."

एखादी दुसरी बहीण इथे गप्प बसली असती. सुवर्णाचं तोंड आधी सुटायचं.

"फ्रिज सारखा उघडत असाल तुम्ही. पाण्याच्या बाटल्या ठेवत असाल."

"ताई."

"सगळ्या केंद्रांवर ठेवतात, मी पाहिलंय डोळ्यांनी. औषधाच्या मांडीला मांडी लावून कैऱ्या ठेवतात."

"माझ्याकडे माठ आहे पाण्याला."

"आणि वीज गेली की?"

"सौरपत्रे आहेत. दर तीन तासांनी तापमान लिहिते मी. हाताने. वर्षाची वही आहे."

"लिहायला काय जातं, हेमे."

फोन बंद झाला. सुवर्णाला वाटलं, घाटात रेंज गेली असेल.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या माणसाने रिकाम्या कुप्या वाचल्या. एकतीस टक्के. आठ कुप्या म्हणजे अडीच कुप्यांचं औषध. चौकशी लागली. भांडाराकडून निवेदन मागवलं गेलं आणि सुवर्णाने ते तासाभरात लिहून दिलं: 'माल आमच्या दारातून शंभर टक्के क्षमतेने बाहेर पडला.' खाली सही, सहीखाली शिक्का. यातला एकही शब्द खोटा नव्हता.


ठिपका : ७७ टक्के

हेमा निलंबित झाली. केंद्राला कुलूप लागलं. उंबरकुंडचे रुग्ण आता नाल्यापलीकडच्या केंद्रात.

त्याच आठवड्यात दक्षने सगळ्या केंद्रांना श्रेणी दिल्या, अ ते ड. माल नीट सांभाळणारे अ, नासवणारे ड. आणि नासवणाऱ्यांच्या हाती चांगला माल का द्यायचा, म्हणून ड केंद्रांना यापुढे आधीच अर्धमेल्या झालेल्या कुप्या पाठवायच्या. जो आधी संपणार तो आधी बाहेर, आणि बाहेर म्हणजे डोंगरात. कंपनीच्या विभागप्रमुखाने, निनाद रिसबूडने, पडद्यावर हे समजावून सांगितलं तेव्हा सुवर्णाने मान डोलावली होती. नियम तिचाच होता. फक्त कुठे पाठवायचं ते मशीनने ठरवलं होतं.

हेमा सकाळच्या एसटीने आली. हातात वही. बहिणीच्या घरी गेली नाही, सरळ भांडारात आली आणि भेटीला येणाऱ्यांच्या रजिस्टरमध्ये नाव लिहून आत आली.

"बस," सुवर्णा म्हणाली. "चहा?"

"मी माहेरी नाही आलेय."

"हेमा, हे बघ. माणसाच्या हातून चूक होते. कबूल केलीस तर ताकीद देऊन सोडतील. मी बोलते बागूल साहेबांशी, चौकशी त्यांच्याकडेच आहे."

"कसली चूक?"

"ठिपका खोटं बोलत नाही."

"मी कुठे म्हणते खोटं बोलतो? एकतीस म्हणाला, एकतीसच असणार. मी समोर बघितलंय त्या एकतीसचं काय होतं ते. तू नाही बघितलंस." हेमाने वही टेबलावर आपटली. "वाच. चार, पाच, चार, सहा, पाच. वर्षभर. एकदा सुद्धा आठच्या वर नाही."

"वही कुणीही लिहू शकतं."

"हो. निवेदनही."

बाहेर कुणीतरी ढकलगाडी ओढत गेलं. तिचं एक चाक किंचाळत होतं. दोघी ते लांब जाईपर्यंत थांबल्या, भांडण नीट ऐकू यावं म्हणून थांबल्यासारख्या.

"एकच सांग," हेमा म्हणाली. "इथून निघताना किती होतं?"

"शंभर."

"कुठे मोजलं?"

"दारात."

"कुठल्या दारात?"

"शीतखोलीच्या."

"आणि गाडी कुठल्या दारातून निघते?"

सुवर्णाला राग आला. शाळेतल्या पोराला विचारावं तसं चोवीस वर्षं काढलेल्या भांडारपालाला विचारायचं? "तू मला गोदाम शिकवू नकोस," ती म्हणाली.

"नाही शिकवत. शुक्रवारी सुनावणी आहे. तेवढं सांगायला आले." हेमाने वही उचलली. "श्रीखंडाच्या वेळी मी आईला खरं सांगितलं नव्हतं. आठवतं? तू मार खाल्लास आणि माझं नाव घेतलं नाहीस. मला वाटायचं, तू तशीच आहेस."

ती गेली. रजिस्टरमध्ये बाहेर पडल्याची वेळही लिहून गेली.


ठिपका : ५२ टक्के

बुधवार डोंगराच्या गाडीचा. सुवर्णा सकाळपासून चिडलेली होती. हेमावर, उन्हावर, कुरकुरणाऱ्या पंख्यावर. श्रेण्यांची छापील यादी घेऊन ती धक्क्यावर आली. धक्का म्हणजे शीतखोलीच्या दारापासून गाडीच्या फाळक्यापर्यंतचा उंच सिमेंटचा ओटा. वर छप्पर नाही. भिकन पाटोळे, एकोणीस वर्षांपासून इथलाच हमाल, चढाईच्या क्रमाने केंद्रांची नावं ओरडत होता.

"उंबरकुंड!"

"उंबरकुंड कशाला? केंद्र बंद आहे."

"दक्षने चिठ्ठी काढली बाई. मी काय दक्षचा सासरा आहे का, त्याला विचारायला? उंबरकुंड चार पेट्या! मग टेंभापाणी. मग सागबारी. मग काळाखडक."

सुवर्णा यादीकडे बघत होती. यादीत तळाला उंबरकुंड, ड. त्याच्यावर टेंभापाणी, ड. त्याच्यावर सागबारी, क. त्याच्यावर काळाखडक, क.

"पुढे म्हण."

"मोहपाडा. वडफाटा. मग शेवटी टाउनचा दवाखाना."

मोहपाडा ब. वडफाटा ब. टाउनचा दवाखाना अ.

"पुन्हा म्हण."

"बाई, तब्येत बरी आहे ना?"

"भिकन, पुन्हा म्हण."

त्याने पुन्हा म्हटलं. ती बोट ठेवत खालून वर गेली. श्रेण्यांची यादी ही भिकनची चढाईची यादी होती, उलटी धरलेली. एकही नाव इकडचं तिकडे नव्हतं.

लांबचा आधी चढतो, कारण तो शेवटी उतरतो. त्याच्या पेट्या हौद्यात सगळ्यात आत. गोदामात पहिल्या दिवशी शिकवतात हे. म्हणून उंबरकुंडच्या पेट्या साडेनऊला शीतखोलीतून बाहेर येतात आणि गाडीत शिरतात. मग टेंभापाणी. मग बाकीचे. मग मोजणी, मग चलन, मग जेवण. टाउनच्या पेट्या एक वाजता बाहेर येतात. आणि बर्फ?

बर्फ शेवटी. कारण बर्फाच्या पिशव्यांना घाम सुटतो, खोका ओला होतो, लेबल निघतं, आणि ओला खोका केंद्रं परत पाठवतात. नऊ वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात तीनशे खोके परत आले तेव्हा तिने हा नियम केला, स्वतः ब्रश घेऊन भिंतीवर लिहिला. मोजणी पूर्ण झाल्याशिवाय पेटीत बर्फ भरायचा नाही. तेव्हा भुकटी होती. भुकटीला काही झालं नाही. आठ वर्षं काही झालं नाही. एकही खोका पुन्हा ओला झाला नाही, आणि तिला वर्षाची उत्कृष्ट भांडारपाल म्हणून शाल मिळाली.

जिथे माल थांबतो ते गोदाम.

ती धक्क्याकडे बघत राहिली. रोज चार तास माल थांबणारी जागा. तापमापक नाही, नोंद नाही, नाव नाही, जबाबदार माणूस नाही. खासगी नाही, सार्वजनिक नाही, फळ्यावर तिने कधी न लिहिलेला प्रकार. आणि तो तिनेच चालवला होता.

"बर्फ आण," ती म्हणाली. "सगळ्या पेट्यांत भर. आत्ताच्या आत्ता."

"मोजणी झाली नाही बाई. भिंतीवर..."

"भिंतीला आग लाव! भर म्हणते ना!" मग तिचा आवाज खाली आला. "उंबरकुंडच्या राहू दे. त्या चार जशा आहेत तशा. केंद्राला कुलूप आहे, त्या कुणाला टोचल्या जाणार नाहीत."


ठिपका : ३४ टक्के

एक वाजून दहा मिनिटांनी ती हातातला रीडर घेऊन हौद्यात चढली. पत्र्याला हात लागला आणि चटका बसला. उंबरकुंडची पहिली पेटी उघडली.

३४. ३५. ३४. ३३.

ड केंद्रांसाठीच्या अर्धमेल्या कुप्या अजून यायच्या होत्या. सकाळी नऊ चौतीसला, दारात, यांतली प्रत्येक कुपी शंभर होती. गाडी एक वीतही हलली नव्हती. चालक युनूस खाली सावलीत डबा खात बसला होता.

रिसबूडचा फोन पाच मिनिटांत आला. हातातल्या रीडरचं वाचन दक्षला लगेच दिसतं.

"मॅडम, तुम्ही जावक झालेल्या मालाचं रीडिंग घेतलंत. अनधिकृत दाखवतंय."

"निनाद, गाडी उभी आहे इथे. चौतीस टक्के! माझ्या दारात! रेशमा पाडवीला उंबरकुंडच्या फ्रिजने नाही मारलं, आपल्या धक्क्याने मारलं."

"दक्षला धक्का नावाचं लोकेशनच माहीत नाहीये, मॅडम. लोकेशन नोंदवायचं तर तिथे तापमापक लागतो, जबाबदार अधिकारी लागतो, मुख्यालयाची मंजुरी..."

"म्हणजे जागा नोंदली नाही तर ऊन पडत नाही?"

"इमोशनल होऊ नका."

"मी इमोशनल नाही, मी चिडलेय. दोन्हीतला फरक मुख्यालयातून मंजूर करून घे."

तिकडचा आवाज आणखी मऊ झाला. "मॅडम, मी तुमच्या भल्याचं बोलतोय. निवेदनावर तुमची सही आहे. बर्फाचा नियम कंपनीचा नाही, भिंतीवर तुमचं नाव आहे. फोटो आहे माझ्याकडे. पण मार्ग निघतो. बर्फ भरायचं काम कोणाचं? लोडरचं. त्याने ढिलाई केली असं तुम्ही लिहून दिलंत तर तुमच्या सिस्टरही सुटतील आणि तुम्हीही. तीनच वर्षं राहिलीत ना तुमची?"

सुवर्णाने खाली बघितलं. भिकन फाळक्याला पाठ टेकून बर्फाची पिशवी मानेवर फिरवत होता. नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणी त्याला बर्फ आधी भर म्हटलं होतं, आणि त्याने त्यातली एक स्वतःसाठी काढून घेतली होती.

डबा शेवटी कोणाच्या हातात होता. एवढंच विचारतात. तेव्हाही आणि आताही.

"तुझा मार्ग तुझ्याजवळ ठेव," ती म्हणाली आणि फोन कापला. "भिकन! उंबरकुंडच्या चारही पेट्या परत आत घे. शीतखोलीत. दारातून."

"दारातून? बाई, मग मशीन वाचणार."

"वाचू दे. हातातलं अनधिकृत म्हणतात ना? दारातलं तर अधिकृत आहे."

पेट्या दारातून आत गेल्या. रीडरने शांतपणे टुंग केलं. पडद्यावर ओळ उमटली:

'उंबरकुंड केंद्राकडून परत आवक. उष्णता हाताळणीत गंभीर दोष. घट ६६ टक्के. केंद्राची श्रेणी ड कायम. कर्मचाऱ्यावर कारवाई प्रस्तावित.'

नव्वद किलोमीटरवर केंद्राला नऊ दिवस कुलूप होतं. पेट्या फाटकाबाहेर गेल्या नव्हत्या. सुवर्णा हसली. ते हसणं ऐकून युनूस डबा तसाच सोडून उठला.

तिने ती ओळ छापून घेतली. फाटकावरच्या पहारेकऱ्याची वही घेतली, जिच्यात त्या दिवशी त्या गाडीची बाहेर पडल्याची नोंद नव्हती. आणि फोनमध्ये भिंतीचा फोटो काढला. रिसबूडच्या फोटोपेक्षा चांगला, सही स्पष्ट दिसेल असा.


ठिपका : ३१ टक्के

सुनावणी शुक्रवारी अकराला. डॉ. बागूल दमलेला माणूस होता. त्यांच्यासमोर फायलींची थप्पी होती आणि ती चुकीची रचली होती, जड खाली आणि हलकी वर नव्हे, उलटी. सुवर्णाला ती सरळ करावीशी वाटली. हेमा टेबलाच्या पलीकडे बसली होती आणि बहिणीकडे बघत नव्हती. रिसबूड भिंतीवरच्या पडद्यावर होता.

सुवर्णाने तिन्ही गोष्टी टेबलावर ठेवल्या आणि सांगितलं. लांबचा आधी चढतो. बर्फ शेवटी. जावक दारात. ठिपक्याला घड्याळ नसतं. चार मिनिटं लागली.

डॉ. बागूलांनी छापील ओळ दोनदा वाचली. "गाडी निघालीच नाही?"

"नाही."

"आणि केंद्र बंद होतं."

"हो."

"मग हा दोष यांच्या नावावर कसा?"

"तेच विचारायला आलेय," सुवर्णा म्हणाली. "मशीनला नाही. त्याला जे सांगितलं ते त्याने केलं. दार म्हणजे शेवट, हे त्याला सांगणाऱ्यांना विचारा. आणि मला विचारा."

"सर," पडद्यावरून रिसबूड म्हणाला, "मॅडमचा तो नियम जुना आहे, त्या काळी औषध वेगळं होतं. मूळ प्रश्न लोडरच्या..."

"भिकनने माझा नियम पाळला!" तिने टेबलावर हात मारला. फायलींची उलटी थप्पी शेवटी कोसळली. "नऊ वर्षं पाळला! त्याला शिक्षा द्यायची ती कशाची, मी सांगेन ते ऐकल्याची?"

डॉ. बागूल वाकून फायली गोळा करत होते. टेबलाखालूनच त्यांनी विचारलं, "हा बर्फाचा नियम कोणाचा, टेकाळे बाई? रेकॉर्डवर लागतंय."

"माझा."

"मग तुमचं निवेदन खोटं होतं?"

"नाही. अर्धं होतं. साडेनऊपर्यंतचं होतं. माल मात्र सव्वाला निघायचा."

लिहिणाऱ्या कारकुनाची बोटं थांबली, मग पुन्हा चालू झाली. हेमाने पहिल्यांदा मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर कृतज्ञता नव्हती. सुवर्णाने ती शोधलीही नाही.

बाहेर पायऱ्यांवर दोघी थोडा वेळ एकाच सावलीत उभ्या राहिल्या. कार्यालयाची सावली, दुसरी नव्हती.

"लिहायला काय जातं," हेमा म्हणाली. "तू म्हणाली होतीस."

"हो."

"आता कळलं?"

"हो."

"रेशमाचा नवरा रोज केंद्राच्या पायरीवर येऊन बसायचा. कुलूप लागल्यावरही. मला शिव्या द्यायला नाही यायचा गं. नुसता बसायचा. मी त्याला काय सांगायचं होतं, ताई? दक्ष?"

हेमाची एसटी लागली होती. ती पायऱ्या उतरायला लागली, अर्ध्यात थांबली. "पेट्यांत बर्फ आधी भरतेस ना आता?"

"आधी."

"बरं." ती गेली.


वाचन नाही

हेमा पंधरा दिवसांनी कामावर रुजू झाली. आदेशात 'तांत्रिक कारणास्तव' असा शब्द होता. निर्दोष हा शब्द नव्हता.

सुवर्णाचं निलंबन एका ओळीत आलं. शेवटच्या दिवशी तिने जिनिंगच्या पलीकडच्या दुकानातून ऑइलपेंटचा डबा आणला. निळा नव्हता, लाल मिळाला. शिडीवर चढून तिने 'शेवटी' खोडलं आणि तिथे 'आधी' लिहिलं. सही तशीच ठेवली. भिकनने शिडी धरली होती.

"नवीन बाई येतील त्या पुसतील हे," तो म्हणाला.

"पुसू दे. तू भरत राहा."

"खोके ओले होतील."

"होऊ देत की ओले, भिकन! एकदाचे ओले होऊ देत!"

पुढच्या महिन्यात कंपनीने दक्षमध्ये धक्का ही जागा नोंदवली. प्रकार: तात्पुरता साठा. तापमापक: मागणी प्रलंबित. जबाबदार अधिकारी: पद रिक्त. वरून छप्पर टाकायचं ठरलं आणि मोजमाप घेणारे दोघे येऊन, टेप लावून, ऊन फार आहे म्हणून बाराच्या आत परत गेले. केंद्रांच्या श्रेण्या बदलल्या नाहीत, कारण जुन्या वाचनांवर पुनर्विचार करायची सोय प्रणालीत नाही. टेंभापाणी अजून ड आहे. तिथे अजून जुन्या, अर्धमेल्या कुप्या जातात, आता बर्फात व्यवस्थित गार करून.

सुवर्णाने त्यावर पहिला अर्ज लिहिला. मग दुसरा. लिहायला काय जातं ते तिला आता पक्कं ठाऊक होतं, म्हणून ती प्रत्येक शब्द दाबून लिहायची, अक्षर कागदाच्या मागून उमटेल इतका. अकरावा अर्ज तिने स्वतः एसटीने नेऊन दिला आणि आवक नोंदवहीत वेळ लिहून घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठली नाही.

रेशमा पाडवी साप चावल्यावर वीस मिनिटांत, स्वतःच्या पायांनी चालत, केंद्रात पोचली होती.